गोळ्या झेललेला फलक

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, टॅलहॅची काउंटीत, नदीकाठी एक स्मृतिफलक आहे. गावाबाहेरच्या फलकाला एरवी दोन खांब आणि एक पत्रा पुरतो. या फलकाचं वजन मात्र सव्वादोनशे किलोंच्या वर आहे, आणि तो बुलेटप्रूफ आहे. त्या जागेवरचा हा चौथा फलक. २००८ साली लावलेला पहिला उपटून नेला गेला. दुसऱ्यावर गोळ्यांची ३१७ भोकं मोजली गेली. २०१८च्या जूनमध्ये तिसरा लागला आणि पाच आठवड्यांत त्यालाही गोळ्या लागल्या.

फलकावर नाव आहे एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाचं. शिकागोचा हा कृष्णवर्णीय मुलगा १९५५च्या ऑगस्टमध्ये नातेवाइकांकडे आला होता. मनी नावाच्या खेड्यातल्या दुकानात तो दुकानदाराच्या गोऱ्या बायकोशी गैर वागला, असा आरोप झाला. त्याला रात्री घरातून उचलून नेऊन मारलं आणि प्रेत टॅलहॅची नदीत टाकलं. समनरच्या कोर्टात खटला चालला. बाराही ज्युरर गोरे पुरुष होते. त्यांनी ६७ मिनिटांत दोघाही आरोपींना निर्दोष ठरवलं. पुढे त्याच दोघांनी एका पाक्षिकाला पैसे घेऊन खुनाची हकिगत सांगितली.

त्या कोर्टाच्या आवारात १९१३पासून कॉन्फेडरेट, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या, सैनिकाचा पुतळा उभा आहे. एमेटच्या नावाचा सार्वजनिक फलक मात्र त्या मुलुखात जवळजवळ पन्नास वर्षं कुठेच नव्हता. काउंटीने माफी मागितली ती २००७ साली.

या उशिराची किंमत कुणी फारशी मोजत नाही. प्रेत नदीतून नेमकं कुठे काढलं, यावर आज अभ्यासकांचं एकमत नाही. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, ती माणसं एकेक करून गेली. मुलूखही रिकामा झाला. कापूस वेचायला यंत्रं आली, मजुरांची घरं उठली. १९५० साली तीस हजारांच्या घरात असलेली काउंटीची लोकवस्ती २०२० साली तेरा हजारांच्या आत आली. जागा ओळखणारं कुणी उरलं नाही, की फलक अंदाजाने लावावा लागतो. बंदुकीने केलेलं नुकसान निदान फोटोत दिसतं, हे तेवढंही दिसत नाही.

दुसरा धोका पैशाचा आहे. मनीच्या त्या दुकानाचं छप्पर कोसळलंय, भिंतींवर वेली चढल्यात. ज्युरीतल्या एका सदस्याच्या वारसांकडे ते आहे. त्याला लागून एक जुना पेट्रोल पंप आहे. त्याची डागडुजी झाली, जुन्या वळणाचे पंप आणि रंगवलेला ओटा सगळं टापटीप. त्यासाठी पैसा आला नागरी हक्कांच्या इतिहासाकरता राखलेल्या सरकारी निधीतून. पंपाचा एमेटच्या खुनाशी संबंध शेजारापुरता. लांबून आलेल्या माणसाला १९५५ सालचं एक प्रसन्न खेडं दिसतं, आणि ज्या दुकानातून सगळं सुरू झालं ते झाडोऱ्यात दडलेलं असतं. मला हा प्रकार गोळीबाराहून गंभीर वाटतो. गोळी झाडणाऱ्याला निदान इतिहास खुपतो तरी. इथे इतिहासाच्याच नावावर इतिहास बाजूला सारला गेला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

म्हणूनच जो निधी देतो त्याने अर्जातल्या सुरेख मजकुरावर विसंबू नये. इथे नेमकं काय घडलं, हे सांगणारं अजून कोण हयात आहे आणि मूळ वास्तूची अवस्था काय, हे त्याने आधी विचारावं. ती मोडकळीला आली असेल तर पहिला डॉलर तिच्यावरच खर्च व्हायला हवा.

२०२३ साली नदीकाठची ती जागा, समनरचं कोर्ट आणि एमेटचा अंत्यविधी झाला ते शिकागोतलं चर्च मिळून राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं. मनीचं दुकान त्यात नाही. त्याच्या काही भिंती अजून उभ्या आहेत. त्यांना आधी टेकू द्या, नव्या फलकाचं नंतर बघू.