दगडी किनारा आणि श्वासाचा हिशेब



मालवण-तारकर्लीला सहल गेली की हल्ली मुले समुद्रात बुडी मारून येतात. प्रशिक्षक हात धरून खाली नेतो, फोटो निघतात, घरी कौतुक होते. व्हायलाच हवे. पण त्यातलीच एखादी मुलगी पुढे शिक्षणासाठी बोस्टनला गेली आणि ‘मला स्कुबा येतं’ म्हणून तिथल्या समुद्रात उतरू लागली तर? हात धरून पाहिलेला समुद्र आणि स्वतः शिकून घेतलेली विद्या, यांत फार अंतर आहे.

बोस्टनच्या ईशान्येला सुमारे ५० किलोमीटरवर केप ॲन हे भूशिर अटलांटिक महासागरात शिरले आहे. सगळा ग्रॅनाइटचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात इथल्या खाणींतला दगड जहाजांनी दूरच्या शहरांत जाई. ग्लॉस्टर आणि रॉकपोर्ट या गावांच्या हद्दीवर फॉली कोव्ह नावाचे लहानसे आखात आहे. इथे बोट लागत नाही, किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचे. रॉकपोर्टच्या बॅक बीचवर तर नवशिक्यांचे वर्ग चालतात.

खाली काय दिसते? खडकांवर डोलणारे केल्पचे तपकिरी पट्टे, समुद्रफुले, तारामासे, दगडासारखाच दिसणारा स्कल्पिन मासा आणि कपारीतून दोन जाड नांग्या बाहेर काढून बसलेला अमेरिकन शेवंड. तो पाहायचा, उचलायचा नाही. परवान्याशिवाय तो पकडणे तिथे कायद्याने गुन्हा आहे.

हे सौंदर्य फुकट मिळत नाही. पाणी भर उन्हाळ्यातही थंड, खोल गेले की आणखी गार. म्हणून सात मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख लागतो. पाठीवर टाकी, कमरेला शिसे आणि पायाखाली शेवाळाने निसरडे झालेले धोंडे! पायातले पंख पाण्यात शिरल्यावरच चढवावेत. ईशान्येचा वारा सुटून लाटा खडकांवर फुटू लागल्या, की सामान पुन्हा गाडीत ठेवावे. त्यात कमीपणा नाही. शिरताना सोपी वाटलेली वाट बाहेर येताना बंद झालेली असते.

आता मुख्य नियम. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास कोंडून वर धावणाऱ्याचे फुप्फुस फाटू शकते. म्हणून श्वास चालू ठेवून सावकाश, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त नाही, अशा वेगाने वर यावे. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. सुरुवातीच्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटर असते, ती पाळावी. लाल कापडावर पांढरा तिरका पट्टा असलेला झेंडा पाण्यावर तरंगता ठेवावा, म्हणजे बोटी दूर राहतात.

हवेचा हिशेबही महिन्याच्या पगारासारखाच. एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना, उरलेली अडीअडचणीसाठी शिल्लक. शिल्लक खर्चाला काढायची नाही.

आणि एकट्याने कधीच उतरायचे नाही. जोडीदार हवाच. दोघांपैकी ज्याच्या टाकीत हवा कमी, त्याच्या काट्याकडे पाहून दोघांनी परतायचे. ‘माझ्याकडे अजून आहे, तू जा’ हे तिथे चालत नाही.

तेव्हा परदेशातून मुलीचा फोन आला आणि ती समुद्रात उतरते म्हणाली, तर घाबरून ‘नको’ म्हणू नका. तीनच प्रश्न विचारा: रीतसर शिकलीस का? जोडीला कोण आहे? आणि समुद्र खवळलेला दिसला तर परत फिरशील ना? तिन्हींची उत्तरे सरळ आली, तर खुशाल ‘जा’ म्हणा.