अंगाचा रंग

एप्रिल लागला की भिलाईत आमच्या सेक्टरमधली मुलं १४ तारखेसाठी चित्रं रंगवायला बसतात. बाबासाहेबांचा कोट निळा, टाय लाल, इथवर सुरळीत चालतं. मग हात थांबतो. "ताई, अंगाचा रंग द्या ना." अंगाचा रंग म्हणजे डब्यातली फिकट गुलाबी ट्यूब. मागणाऱ्या मुलीचा हात चहाच्या रंगाचा असतो.

क्रेयॉलाने 'फ्लेश' या खडूचं नाव १९६२ साली बदलून 'पीच' केलं. आपल्याकडे २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'चं 'ग्लो अँड लव्हली' झालं. नाव गेलं, हौस राहिली. पदवी घेतलेली आपली माणसंसुद्धा लग्नाच्या बायोडाटात 'वर्ण : गोरा' असं लिहितात. शब्द कुठला वापरतोय, तेही लक्षात येत नाही.

कोणी म्हणेल, बाबासाहेब गोरेच होते. त्यांचे बहुतेक फोटो कृष्णधवल आहेत, त्यातून कातडीची नेमकी छटा निघत नाही. म्हणजे रंग आपण निवडतो. मग दरवेळी गुलाबीच का? जातीची वाटणी ही वंशाची वाटणी नव्हे, हे त्यांनी १९३६ सालीच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये मांडलं. गोरेपणा कशाचाच पुरावा नाही. तो उसना मान आहे, आणि तो आपण आपल्याच माणसाच्या तोंडावर फासतो.

शाळेत मी आईचं चित्र काढलं होतं. सर म्हणाले, "मळकट झालंय, पांढरा टाक." टाकला. आई राखेसारखी दिसायला लागली. ती चूक रंगाचीही होती. तपकिरीत नुसता पांढरा घातला की तिची ऊब जाते. उजळ करायचं तर यलो ऑकर घ्या. गडद करायला काळा नको, बर्न्ट सिएनात थोडा अल्ट्रामरीन निळा मिसळा. ट्यूबा परवडत नसतील तर पिवळा आणि लाल मिसळून नारिंगी करा, त्यात निळा थेंबाथेंबाने. निळा थोडा कमी-जास्त झाला की छटा बदलते. एकाच ताटलीत आजी, बाप, आत्या सगळे निघतात. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून आधी कागदाच्या कोपऱ्यावर लावून पाहा.

ऑकर, सिएना, अंबर हे मुळात लोहाच्या ऑक्साइडचे रंग. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून इथल्या झोतभट्ट्यांसाठी आलेलं तांबूस हेमॅटाइट, तेही लोहाचं ऑक्साइडच. आमच्या बापांच्या कपड्यांतून ती लाली कधी धुऊन निघाली नाही. त्याच मजुरीवर आमच्या फिया भरल्या गेल्या. आणि तो रंग आम्हाला मळकट वाटावा?

यंदा गुलाबी ट्यूब मी डब्यातून काढून ठेवली. समितीतले एक काका चित्र पाहून म्हणाले, "पोरी, मंचावर लावायचंय, जरा उजळ कर." काका आपलेच, शिकलेले. मी म्हटलं, "काका, तुमचा हात जरा चित्राशेजारी धरा." त्यांनी धरला. मग काही बोलले नाहीत. चित्र तसंच लागलं.