भिंतीला भोक पाडताना

खिळा ठोकून गिलावा पाडून घेण्यापेक्षा बॅटरीवरचे हॅमर ड्रिल बरे, आणि त्यासाठी ‘ह्यां’च्या रविवारची वाट पाहायला नको! पण भगिनींनो, स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत भोक पाडू नका. तिथे भिंतीत तारा नि पाइप असतात. तारेला टोक लागले तर जिवावर बेतेल. ड्रिल बॅटरीवरचे, मग मेन स्विच खुशाल बंद करा की!

विटांच्या भिंतीला हॅमर चालू ठेवा. टाइलवर मात्र तो बंद, नाहीतर ती तडकलीच म्हणून समजा. तिचे बिट वेगळे मिळते. खुणेवर चिकटपट्टी लावली की टोक घसरत नाही. डोळ्यांना चष्मा हवाच.

बॅटरी निवल्यावरच चार्जिंगला लावा. बरेच दिवस ठेवायची तर अर्धी भरून कोरड्या कपाटात. तापणाऱ्या पत्र्याखाली, माळ्यावर नको.