ओपीजी फक्त दाढेचा नसतो

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका इम्प्लांटसाठी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढायला आले होते. चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं : 'उजवी खालची दाढ, हाड किती आहे पाहणे.' हाड पुरेसं होतं. पण जरा मागे, जबडा कानाकडे वळतो तिथे, त्यांच्याच चिमट्याने तिकिटाला पाडावीत तशी गोल, काळी भोकं दिसत होती. हळूहळू वाढणारी साधी गाठ असली, की तिच्या कडेला हाड बहुधा पांढरी रेघ आखतं. इथे एकाही भोकाला तशी कड नव्हती. काकांना विचारलं, तर म्हणाले, "कंबर धरते, दम लागतो. वय झालं, मॅडम." रक्ताच्या आणि प्रथिनांच्या तपासण्या झाल्या, मग अस्थिमज्जेची. निदान झालं मल्टिपल मायलोमाचं, म्हणजे अस्थिमज्जेच्या कॅन्सरचं.

मी ओरल रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे दाताजबड्याचे फोटो वाचणं हाच माझा धंदा. तरीही सांगते, जबड्यातल्या बहुतेक काळ्या डागांचा कॅन्सरशी काही संबंध नसतो. किडलेल्या दाताच्या मुळाशी झालेली गाठ असते, कधी हनुवटीच्या नसेचं नैसर्गिक भोक असतं. तेव्हा कॅन्सर शोधायला म्हणून कुणी ओपीजी काढू नये. शिवाय हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत भोक उमटतच नाही. म्हणजे फोटो स्वच्छ आला म्हणून निर्धास्तही राहता येत नाही. माझा आग्रह एवढाच आहे, की काढलेला फोटो या कानापासून त्या कानापर्यंत कुणीतरी वाचावा.

प्रत्यक्षात काय होतं? फोटो मोबाइलवर जातो, डॉक्टर ती एक दाढ मोठी करून बघतात आणि बाकीचा जबडा तसाच राहतो. यंत्र बसवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो, आणि तो लागायलाच हवा. पण तो किरणांच्या सुरक्षिततेपुरता. फोटो कुणी वाचला, हे त्यात कुठे येतं?

लहान मुलांत तर हे फारच निसटतं. दाताच्या मुळाभोवती फोटोत एक बारीक पांढरी रेघ असते. रक्ताच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे ल्युकेमियात, ती पुसट होऊ शकते, आतले पक्के दात जागेवरून सरकू शकतात. सहा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात हलला तर आजीने खुशाल हसावं. चार वर्षांच्या मुलाची मागची दाढ हलत असेल, हिरड्या सुजून रक्त येत असेल, तर 'दुधाचेच आहेत, पडणारच' म्हणून सोडू नये. रक्ताची सीबीसी चाचणी करायला किती वेळ लागतो?

जबड्यावरून पुढचा माग काढल्याचं एक जुनं उदाहरण मुलांचंच आहे. युगांडातल्या कंपालाच्या मुलागो रुग्णालयात १९५७ साली डेनिस बर्किट या सर्जनना एक मुलगा दाखवला गेला. त्याचा जबडा वरखाली, दोन्हीकडे सुजलेला. पुढे जिंजा इथे तसाच चेहरा असलेलं दुसरं मूल दिसलं, तेव्हा त्यांनी त्याचं पोटही तपासलं. पोटातही गाठी होत्या. आज आपण ज्या कॅन्सरला बर्किट लिम्फोमा म्हणतो, त्याचा माग असा लागला. सर्जन जबड्यापाशी थांबला नाही, हे मला त्या शोधाहूनही मोठं वाटतं.

काही खुणा फोटोच्याही आधी बोलतात. दाढी करताना कापलं, रक्त आलं, पण कळलंच नाही, असं कुणी सांगितलं तर कान टवकारावेत. कारण नसताना हनुवटी नि खालचा ओठ बधिर होणं हे लिम्फोमा, मायलोमा किंवा दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरचं पहिलं लक्षण असू शकतं. दात काढताना नस दुखावली असेल तर गोष्ट वेगळी.

निदानानंतरही आमचं काम संपत नाही. मायलोमात हाडांसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिड देतात. ते चालू असताना दात काढला, तर जखम भरून न येता जबड्याचं हाड उघडं पडण्याचा धोका असतो. म्हणून तोंडातली कामं आधी उरकायची.

ओपीजीसोबत पूर्ण जबड्याचा लेखी रिपोर्ट सक्तीचा हवा, खाली वाचणाऱ्याची सही हवी. दर थोडा वाढेल, वाढू दे. तोवर रिपोर्ट तुम्हीच मागा. जुना ओपीजी घरात असेल तर तोही घेऊन या, कारण भोक आधीपासून होतं की नवं आहे, ते त्यावरूनच कळतं. फक्त फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो नको, मूळ फिल्म किंवा फाइल आणा.