आर-वनचा युरोपच्या रस्त्यांना निरोप
यामाहाच्या ९९८ सीसी आर-वनची २०२५ची आवृत्ती वायुदाब साधणारे पंख, ब्रेम्बो ब्रेक आणि सुधारित पुढील सस्पेन्शन घेऊन आली. मात्र युरोपात ती केवळ शर्यतीच्या ट्रॅकपुरती उरली. अमेरिकेत ती आजही रस्त्यावर चालवता येते. १ जानेवारी २०२५पासून युरोपात सर्व नव्या दुचाकींना लागू झालेल्या ‘युरो ५ प्लस’ निकषांनी उत्सर्जनाच्या मर्यादा बदललेल्या नाहीत. प्रदूषण रोखणारी यंत्रणा दीर्घकाळ टिकते का, यावर गाडीनेच लक्ष ठेवावे, अशी त्यांची अट आहे. डुकाटी आणि बीएमडब्ल्यू यांनी ती पूर्ण केली. तेव्हा अडसर तंत्रज्ञानापेक्षा खर्चाच्या हिशेबाचा दिसतो. युरोपीय रस्त्यांसाठी यामाहाने ८९० सीसीची आर-नाइन पुढे केली, ती त्याच हिशेबाची साक्ष ठरते.