स्थानिकांना रोजगार, पण जखमेची नोंद कुठे?



रेल्वेची आणि टपाल खात्याची जी कामे मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीजकडे गेली आहेत, त्या एजन्सीजची भाषा अलीकडे फार गोड झाली आहे. जुना ठेकेदार 'माणसे लावली' एवढेच म्हणत असे. आताचा एजन्सीवाला कोट घालून डी.आर.एम. कचेरीत येतो आणि दोन गोष्टी सांगतो. एक, आम्ही स्थानिक तरुणांना रोजगार देतो. दुसरी, कामावर कोणाला इजा झाली तर तिचे 'व्यवस्थापन' आम्ही आमच्या पातळीवर करतो, प्रशासनाला तोशीस पडू देत नाही. अधिकारी मान डोलावतात. आपल्यातलेही काही बांधव डोलावतात. गावातल्या पोरांना काम मिळते आहे, लागले-खुपले तर एजन्सी बघते आहे, मग युनियनने मध्ये का पडावे, असे आम्हाला विचारले जाते.

युनियनने मध्ये पडायचे कारण असे की, एजन्सीच्या वहीत या दोन गोष्टी एकाच पानावर आहेत. तिला स्थानिक माणूस हवा असतो, त्याचे मोठे कारण म्हणजे स्थानिक माणसाची जखम स्वस्तात मिटते.

हे बोलणे कडू वाटेल, म्हणून हिशेब मांडतो. परराज्यातून आणलेल्या मजुराला ठेकेदाराने काय द्यायचे हे १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने लिहून ठेवले होते. विस्थापन भत्ता, गावाहून येण्याजाण्याचा खर्च, राहण्याची सोय, औषधपाणी. आणि कोणी दगावला किंवा गंभीर जखमी झाला, तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि नातेवाईकांना कळवण्याची सक्ती. हा कायदा किती ठिकाणी पाळला गेला ते आपण सारे जाणतो. पण कागदावर तरी तो ठेकेदाराच्या मानेवर होता. जवळच्या वस्तीतल्या पोराला यातले काहीच द्यावे लागत नाही. तो घरून डबा आणतो, घरी झोपतो. पाय मोडला तर त्याला घरी नेऊन सोडता येते. आई शेक देते, मामा नाहीतर चुलता मध्यस्थी करतो, गावचा पुढारी 'जाऊ द्या, पोराला पुन्हा घेतील' म्हणतो. प्रकरण स्टेशनच्या हद्दीबाहेर गेले की ते रेल्वेचे राहत नाही. एजन्सीच्या भाषेत यालाच इजेचे व्यवस्थापन म्हणतात.

आमच्यासमोर आलेले एक प्रकरण सांगतो. जंक्शनचे आणि एजन्सीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ती कथा एका जंक्शनची नाही. कोचिंग डेपोत पिट लाईनवर डबे धुण्याचे काम. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, स्टेशनमागच्याच वस्तीतला. रात्रपाळीत साबणाच्या पाण्यावरून पाय घसरला आणि तो पिटमध्ये पडला. घोट्याचे हाड मोडले. पन्नास पावलांवर आपला ड्यूटीवरचा कर्मचारी होता, त्याने फोन लावायला हात घातला, तोच एजन्सीचा सुपरवायझर धावत आला. म्हणाला, 'साहेब, तुम्ही त्रास घेऊ नका, आमचा माणूस आहे.' मुलाला मोटारसायकलवर मध्ये बसवले, मागे दुसरा धरायला, आणि रेल्वेचे हॉस्पिटल ओलांडून एका खाजगी दवाखान्यात नेले. तिथल्या केसपेपरवर लिहिले गेले, घरी जिन्यावरून पडला. प्लास्टरचे पैसे एजन्सीने भरले, वर पाच हजार रुपये आईच्या हातात दिले आणि एका कोऱ्या कागदावर सही घेतली. दीड महिन्याने मुलगा काठी टेकत आला, तेव्हा त्याच्या जागी त्याच वस्तीतला दुसरा मुलगा होता. त्या महिन्याच्या बिलासोबत एजन्सीचा दाखला जोडलेला होता, त्यात अपघात शून्य.

एजन्सीवाल्याला विचाराल तर तो सांगेल की आम्ही माणुसकीने वागलो. पैसे दिले हे खरेच आहे. त्या आईनेही आम्हाला हेच सांगितले, की ते लोक चांगले होते. पण ज्या कागदावर सही घेतली, तो माणुसकीत कुठे बसतो?

आता याच पिटमध्ये आपला कायम कर्मचारी पडला असता तर काय झाले असते ते पाहू. ड्यूटीवर जखमी झाल्याचा मेमो निघाला असता. रेल्वेच्या हॉस्पिटलात उमीद कार्डावर उपचार झाले असते. सातव्या वेतन आयोगानंतर कामावरील इजा व आजारासाठी जी एकत्रित रजा आली, तिच्याखाली हॉस्पिटलात असेपर्यंत पूर्ण पगार, त्यानंतर सहा महिने पूर्ण पगार, त्यापुढे बारा महिने अर्धा पगार. पाय कायमचा अधू झाला असता तर वैद्यकीय श्रेणी उतरली असती, पण नोकरी गेली नसती. अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेने माणसाला काढू नये, तेवढ्याच पगारावर दुसरे काम द्यावे, हे १९९५ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमाने दिले आणि २०१६ च्या कायद्याने पुढे चालवले. डबा तोच, साबणाचे पाणी तेच, मोडलेले हाड तेच. फरक गळ्यातल्या कार्डाचा.

त्या कार्डाविषयीही दोन शब्द. पूर्वीच्या कॅज्युअल लेबरजवळ सर्व्हिस कार्ड असे. त्यावर अंगठा असे, कामाचे दिवस भरलेले असत. चालू लाईनवर १२० दिवस सलग भरले की टेम्पररी स्टेटस मिळे, आणि ते कार्ड पेटीत जपून ठेवणारे आपले कितीतरी वडीलधारे पुढे कायम होऊन निवृत्त झाले. आजच्या कार्डावर एजन्सीचे नाव असते. टेंडर बदलले की कार्ड बदलते, माणूस तोच राहतो. जुन्या एजन्सीच्या काळात पाठीला बसलेला हिसका नव्या एजन्सीच्या काळात दुखू लागला, तर नवी म्हणते आमच्याकडे तो धडधाकट आला, जुनी म्हणते आमचा ठेका संपला. तेव्हा ही जखम कोणाची?

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे, आणि ते आपल्या प्रत्येक शाखेत माहीत हवे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या १२ व्या कलमाने, नेहमीच्या कामाचा भाग ठेकेदाराकडून करून घेतला तरी जखमी कामगाराला मुख्य मालकाकडे, म्हणजे प्रिन्सिपल एम्प्लॉयरकडे, भरपाई मागता येत असे. मुख्य मालकाने ती द्यावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला, पण हे तत्त्व संहितेतही कायम आहे. संहितांना आपला विरोध आहे आणि तो राहील. ठेका कामगारांच्या कायद्याची मर्यादा २० वरून ५० कामगारांवर नेऊन छोट्या ठेकेदारांना त्यांनी मोकळे रान दिले आहे. परंतु हातात जे शस्त्र उरले आहे ते गंजू देण्याचे कारण नाही. १९९६ च्या एअर इंडिया निकालाने ठेका कामगारांना कायम होण्याचे दार उघडले होते, २००१ च्या स्टील ॲथॉरिटी निकालाने ते लावून घेतले. भरपाईचे दार मात्र त्या निकालाने लागलेले नाही.

रक्कम किती, हेही कळू द्या. केंद्राने जानेवारी २०२० मध्ये भरपाईसाठी पगाराची मर्यादा १५,००० रुपये केली होती. पंचवीस वर्षांच्या कामगाराचा घटक त्या कायद्याच्या तक्त्यात २१६.९१ आहे. मृत्यू झाल्यास पगाराच्या निम्म्याला त्याने गुणायचे. ७,५०० गुणिले २१६.९१, म्हणजे १६,२६,८२५ रुपये. कायमचे संपूर्ण अपंगत्व आले तर पगाराच्या ६० टक्क्यांना गुणायचे, ते १९,५२,१९० होतात. ज्या आईच्या हातात पाच हजार ठेवले, तिला हे गणित कोणी सांगितले नव्हते. तिच्या मुलाला एवढी रक्कम मिळाली असती असे आम्ही म्हणत नाही, घोटा म्हणजे काही संपूर्ण अपंगत्व नव्हे. पण त्याचा हक्क किती होता, हे ठरवण्याची वेळच येऊ दिली नाही.

जिथे ई.एस.आय. लागू आहे तिथे वाट वेगळी आहे, तिथे भरपाई विम्यातून मिळते. कामावरच्या इजेला किती दिवसांची वर्गणी भरली हे बघत नाहीत, पहिल्या दिवसापासून हक्क असतो, आणि तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के आहे. एजन्सी पाऊण टक्का पगारातून कापते, हे पोरांना माहीत असते. विमा क्रमांक किती, हे दहापैकी नऊ जणांना सांगता येत नाही. विचारून पाहा.

एजन्सीवाल्यांची बाजूही ऐकायला हवी, कारण त्यात काही खरे आहे. ते म्हणतात, टेंडर सगळ्यात खालच्या दराला जाते, बिले महिनोन्महिने अडकतात, आणि अपघात दाखवला की दंड आणि पुढच्या टेंडरला अडचण. मग दाखवेल कोण? हे म्हणणे रास्त आहे. प्रशासनाने अशी रचना केली आहे की, अपघात लपवणाऱ्याला बक्षीस आणि सांगणाऱ्याला शिक्षा. शून्य अपघाताचा दाखला मागणाऱ्या अधिकाऱ्यालाही तो शून्य खरा आहे का हे जाणून घ्यायचे नसते. पण ही अडचण एजन्सीने प्रशासनाशी भांडून सोडवावी. ती पिटमधल्या पोराच्या घोट्यावर सोडवू नये.

कायम कर्मचाऱ्यांचे मरणसुद्धा किती स्वस्त होते ते डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने फेब्रुवारी २०१२ च्या अहवालात दाखवले. २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर ठार झाले आणि ८,७०० जखमी. समितीला हे आकडे मिळाले, कारण ती माणसे मस्टरवर होती. मोटारसायकलवरून घरी पोचवलेला कोणत्या समितीच्या आकड्यात येणार?

'स्थानिक' या शब्दाविषयी आणखी थोडे. हे मासिक इटारसी, सिकंदराबाद, सुरत, हुबळी येथल्या मराठी बांधवांकडेही जाते. तिथे स्थानिक म्हणजे आपण नव्हे. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली, तेव्हा आपल्या या बांधवांच्या पोटात गोळा आला असेल. हरियाणाने खाजगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिकांचा कायदा केला, तो नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. भूमिपुत्राला काम मिळावे हे आम्हालाही पटते, वस्तीतला मुलगा बेकार बसावा असे कोण म्हणेल? पण ही जागा याची की त्याची, यावर आपण भांडत असताना जागाच गेल्या. १९९१ च्या सुमारास रेल्वेत साडेसोळा लाख कर्मचारी होते, आता बारा लाखांच्या आसपास आहेत. गाड्या कमी झाल्या नाहीत, डबे कमी झाले नाहीत. ते काम वस्तीतली पोरे करतात, फक्त नोकरी म्हणून करत नाहीत.

टपाल बांधवांनी हे फक्त रेल्वेचे रडगाणे समजू नये. आर.एम.एस. मध्ये थैल्या चढवणारा आऊटसायडर, ग्रामीण डाकसेवकाच्या रजेत बदली म्हणून बसलेला पोरगा, ठेक्याच्या मेल गाडीवरचा हमाल, हे सारे त्याच पंक्तीतले. बीटवर बदली पोराला कुत्रा चावला, तर सुईचे पैसे कोण देतो? बहुतेक ठिकाणी तो स्वतः देतो, किंवा आपला पोस्टमन खिशातून देतो.

तेव्हा आमचे स्पष्ट सांगणे असे. ठेक्यावरचा माणूस आपल्यासमोर जखमी झाला, तर 'आमचा माणूस आहे' असे म्हणणाऱ्याच्या हाती त्याला देऊन मोकळे होऊ नका. प्रथम उपचार जवळच्या रेल्वे हॉस्पिटलात झाले पाहिजेत, मग कार्ड कोणत्या रंगाचे का असेना. स्टेशन मास्तरच्या डायरीत, डेपोच्या रजिस्टरात, सेक्शनच्या वहीत, जिथे तुमचा हात पोचतो तिथे तारीख, वेळ, जागा आणि काय करताना लागले ते त्याच पाळीत लिहा. एक ओळ पुरते. सहा महिन्यांनी तीच ओळ अधिकाऱ्यापुढे साक्षीदाराचे काम करते. 'आपण कशाला अडकायचे' असे काही सुपरवायझर बांधव म्हणतात. खरी नोंद करणारा अडकत नाही. शून्याच्या दाखल्यावर सही करणारा मात्र चौकशी लागली की अडकतो, आणि तेव्हा एजन्सी दुसऱ्या विभागात टेंडर भरत असते. कोऱ्या कागदावर सही करू नये, हेही पोरांच्या कानावर घाला. हक्क सोडल्याचा असा करार १९२३ च्या कायद्याने रद्दबातल मानला होता. मृत्यूची भरपाई तर अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागे, घरी परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नसत.

पुढच्या पी.एन.एम. बैठकीत आम्ही तीन मागण्या ठेवणार आहोत. अपघाताचे रजिस्टर आणि ई.एस.आय.चे चलन पाहिल्याशिवाय एजन्सीचे बिल पास होऊ नये. अपघात कळवला म्हणून दंड नको, लपवला म्हणून दंड हवा. आणि ठेका बदलताना जुन्या एजन्सीकडे झालेल्या इजांची यादी मुख्य मालकाने आपल्याकडे जपून ठेवावी. यासाठी शाखा सचिवांनी आपापल्या डेपोत, यार्डात, पार्सल ऑफिसात आणि स्टेशनवर ठेक्यावर काम करणाऱ्यांची नावे, एजन्सी आणि विमा क्रमांक लिहून घ्यावेत. ज्याला क्रमांक माहीत नाही, त्याच्या नावापुढे तसे लिहावे. गेल्या वर्षभरात कोणाला लागले आणि त्याचे पुढे काय झाले, हे त्याच कागदाच्या मागे लिहिले तरी चालेल. बैठकीची तारीख पडण्याआधी या याद्या विभागीय कार्यालयात पोचल्या पाहिजेत.