औषध वैद्याचे, पथ्य आपले

‘पथ्य’ हा शब्द आपण अलीकडे फार संकुचित अर्थाने वापरू लागलो आहोत. वांगे खाऊ नये, आंबट वर्ज्य, तेलकट बंद, एवढ्यापुरताच तो उरला आहे. मुळात पथाला, म्हणजे वाटेला, धरून असणारे ते पथ्य, अशी त्या शब्दाची व्युत्पत्ती सांगतात. आयुष्याच्या वाटेवर चालताना शरीराला जे मानवते ते सारे त्यात येते: आहार, झोप, श्रम, मोकळी हवा आणि मनाची ठेवणसुद्धा. औषध वैद्याने द्यावे व पथ्य रोग्याने पाळावे, अशी आपल्या घरांतून चालत आलेली वाटणी आहे. या महिन्यात त्या वाटणीचाच थोडा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

आरोग्याची गोष्ट निघाली की दोन तऱ्हेची माणसे भेटतात. एक म्हणतात, मन खंबीर असले आणि राहणी निसर्गाला धरून असली की रोग जवळ फिरकत नाही. औषधे हे सारे थोतांड. दुसरे म्हणतात, मन आणि राहणी या गप्पा. गोळी घेतली की काम झाले. दोघेही आपापल्या मतावर ठाम असतात आणि दोघांनाही आपल्या बाजूचे दाखले सापडतात. मग खरे काय, हे पाहण्यासाठी एखादा कठीण रोगच कसोटीला लावावा. आमच्या मते क्षयासारखी दुसरी कसोटी नाही. आपल्या पूर्वजांनी त्याला राजयक्ष्मा म्हणून रोगांमध्ये राजपद दिले होते, आणि आजही आपल्या जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून तो हटलेला नाही.

प्रथम निसर्गाच्या बाजूचा दाखला घेऊ. मार्च १९४६ मध्ये महात्मा गांधी पुण्याच्या पूर्वेस सोलापूर रस्त्यावरील उरळी कांचन या गावी काही दिवस राहिले. पुण्यासारख्या शहरात चालणारे निसर्गोपचार गरिबांच्या उपयोगी पडत नाहीत, ते खेड्यात गेले पाहिजेत, या विचाराने त्यांनी तेथे गावकऱ्यांवर उपचार सुरू केले आणि त्यातून निसर्गोपचार आश्रम उभा राहिला. माती, पाणी, आकाश, सूर्यप्रकाश व वायू ही त्यांची औषधे. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना १९४२ साली त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिले, त्यातही याच पंचमहाभूतांचा विचार आहे. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा भावे यांनी उरळीच्या या कामात पुढे दीर्घकाळ लक्ष घातले. ते स्वतः क्षयाच्या दुखण्यातून गेलेले होते, म्हणून त्यांच्या निष्ठेला अनुभवाचे वजन होते.

त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध हाती आले नव्हते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागून दोन-तीन वर्षेच झाली होती. तोवर सगळे जग क्षयाच्या रोग्याला डोंगरावर किंवा मोकळ्या माळावर नेऊन ठेवत असे. आपल्या तेलंगणात विकाराबादजवळ अनंतगिरीच्या वनराईत आणि महाराष्ट्रात मिरजेजवळ वानलेसवाडीस अशीच आरोग्यधामे उभी राहिली. विश्रांती, दूध, अंडी, स्वच्छ हवा आणि शांत मन हाच उपचार होता. काही रोगी त्याने खरोखर बरे होत. पण पुष्कळसे होत नसत.

आता दुसऱ्या बाजूचा दाखला. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग औषधोपचार केंद्राने एक मोठा प्रयोग हाती घेतला. शहरातील गरीब वस्त्यांमधले १९३ रोगी घेतले. काहींना आरोग्यधामात ठेवले, तर काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरी ठेवले. औषधे दोन्हीकडे तीच, एक वर्षभर. आरोग्यधामातल्यांना अन्न चांगले, विश्रांती पुरेशी, हवा खेळती. घरी राहिलेल्यांच्या वाट्याला अपुरे जेवण आणि कामाची दगदग. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा वैद्यकविश्व चकित झाले. घरी राहिलेले रोगीही आरोग्यधामातल्या रोग्यांच्या जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले होते. डोंगरावरची हवा जे करू शकत नव्हती, ते औषधाने झोपडीत करून दाखवले. या प्रयोगानंतर जगभरची आरोग्यधामे हळूहळू ओस पडत गेली.

हे वाचून औषधवाल्यांनी टाळी वाजवू नये. त्याच प्रयोगातून दुसरी गोष्ट पुढे आली. औषध रोग्याला बरे करते हे खरे. पण ते रोज, न चुकता, ठरलेल्या मुदतीपर्यंत घेतले तरच. क्षयाच्या रोग्याला महिना-दीड महिन्यात बरे वाटू लागते. खोकला कमी होतो, ताप उतरतो, भूक लागते. जंतू मात्र आत शिल्लक असतात. आज साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा आहे: पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. मध्येच सोडले तर शिल्लक जंतू त्याच औषधांना दाद देईनासे होतात आणि मग रोग फार अवघड होऊन बसतो.

ज्याची मुले आमच्या शाळेत शिकली असा पैनगंगेकडच्या एका खेड्यातील शेतकरी आमच्या परिचयाचा आहे. दोन महिन्यांच्या औषधाने त्याला इतके बरे वाटले की कापूस वेचणीच्या घाईत त्याने गोळ्या बंद केल्या. मनाने तो अगदी खंबीर. “आता मला काही होत नाही, सर,” असे तो छातीवर हात ठेवून सांगे. पुढल्या पावसाळ्यात खोकला परत आला. दुसऱ्या खेपेस त्याच्या म्हाताऱ्या आईने कारभार हाती घेतला. सकाळी चूल पेटली की आधी गोळ्या, मग बाकीचे सारे, असा तिने नियम घातला आणि शेवटच्या दिवसापर्यंत पाळून घेतला. तो मनुष्य आज धडधाकट आहे. त्याचा आत्मविश्वास जे करू शकला नाही, ते त्या माउलीच्या नियमाने केले.

येथे मनाच्या सामर्थ्याविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. ते सामर्थ्य खोटे नाही. २०१० साली अमेरिकेत टेड कॅपचक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटाच्या जुनाट तक्रारी असलेल्या ८० रोग्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना गोळ्या देताना उघड सांगितले की यात औषध काहीच नाही. तरीही तीन आठवड्यांनी, ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांच्यापेक्षा या रोग्यांना अधिक आराम वाटला. कोणीतरी आस्थेने विचारपूस करते, आपण रोज काही नेमाने करतो, एवढ्यानेही वेदना व अस्वस्थता हलकी होते. परंतु वेदना हलकी होणे वेगळे आणि जंतू मरणे वेगळे. मनाला पहिले काम साधते, दुसरे नाही. ही मर्यादा न ओळखणारे लोक रोग्याला वर दोषही देतात, की तुझे मनच कमकुवत, म्हणून तू बरा होत नाहीस. आजारी माणसावर याहून मोठा अन्याय नाही.

स्वतः गांधीजींनी ही मर्यादा देहावर अनुभवली होती. येरवड्याच्या तुरुंगात असताना जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्या आंत्रपुच्छाला सूज आली, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जनने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. निसर्गोपचाराचा एवढा कैवारी, पण प्रसंग आला तेव्हा तो शस्त्राखाली शांतपणे झोपला. निसर्गाला मानणे याचा अर्थ औषधाला नाकारणे असा होत नाही, हे यावरून कळावे.

मग मनाचे खरे काम कोणते? आमच्या मते, नियम धरून ठेवणे हे. उत्साह चार दिवस टिकतो. सवय वर्षभर चालते. आणि सवय लागण्यासाठी तिला दिनक्रमातील एखाद्या नैसर्गिक गोष्टीचा खुंटा लागतो: सूर्योदय, चूल, सांजवात, गुरांना पाणी पाजण्याची वेळ. जुन्या लोकांच्या दिनचर्येत हे खुंटे होते. म्हणून त्यांना पथ्य पाळण्यासाठी फार मनोनिग्रह करावा लागत नसे.

आता पथ्यातील सर्वांत मोठी गोष्ट, म्हणजे अन्न. मद्रासच्या प्रयोगावरून कोणी समजेल की अन्नाचे महत्त्व नाही. तसे नाही. झालेला रोग औषधाने बरा होतो. पण रोग होऊ नये यासाठी अन्नासारखे कवच नाही, हे झारखंडात सिद्ध झाले. डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांच्या चमूने तेथे क्षयरोग्यांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक माणसे अभ्यासली. काही घरांतील प्रत्येक माणसाला दरमहा पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ साली निष्कर्ष छापून आले. ज्या घरांत हे अन्न गेले तेथे नव्या क्षयरोग्यांचे प्रमाण इतर घरांपेक्षा ३९ टक्क्यांनी कमी होते. दीड किलो डाळ! एवढ्याशा गोष्टीत एवढे रक्षण असते.

उरळीच्या आश्रमाचा पुढला इतिहासही हेच सांगतो. गांधीजींनी तेथे ठेवलेले तरुण कार्यकर्ते मणिभाई देसाई यांनी गावाचे आरोग्य सुधारण्यासाठी पुढे शेती आणि गोपालन हाती घेतले. त्यातून १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था निघाली व १९८२ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपाशी माणसाला उपवासाचा उपदेश करून भागत नाही. त्याच्या दारात दुभती गाय बांधावी लागते, हे त्यांनी कृतीने दाखवले.

आपल्या आदिलाबादकडे या दृष्टीने पाहावे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या शिवारात ज्वारीबरोबर तूर, मूग, उडीद, तीळ असे. भाकरी, वरण, अंबाडीची भाजी आणि उन्हाळ्यात आंबील हे गरिबाघरचेही जेवण होते. १९८३ नंतर दोन रुपये किलोचा तांदूळ आला आणि अनेक घरांची उपासमार टळली, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु त्याबरोबर ताटातली भाकरी मागे सरली, आणि कापूस व सोयाबीन यांनी शिवार व्यापल्यावर घरची डाळही विकतची झाली. नुसत्या भातावर आणि चटणीवर पोट भरते, कवच तयार होत नाही. कापसाच्या ओळींत तुरीचे चार तास घरासाठी राखून ठेवणे, हे आमच्या मते कोणत्याही बलवर्धक औषधापेक्षा मोलाचे पथ्य आहे.

दुसरे पथ्य हवेचे. आपल्या भागातली थंडी वाचकांना ठाऊकच आहे. पौषात पारा दहा अंशांखाली उतरतो. मग दारे-खिडक्या गच्च लावून, चुलीच्या धुरात, सारे घर एका खोलीत निजते. क्षय हा हवेतून पसरणारा रोग. बंद खोली हे त्याचे माहेरघर. अंगावर एक घोंगडी जास्त घ्यावी, पण खिडकीची एक झडप उघडी ठेवावी. विडी आणि दारू यांनी या रोगाला वाट मोकळी होते आणि मधुमेहीला त्याचा धोका दुप्पट-तिपटीने वाढतो, हेही सांगून ठेवतो.

तिसरे पथ्य मनाचे, आणि ते आपल्या समाजाने विशेष मनावर घ्यावे असे आहे. आपल्या प्रतिष्ठित घरांत क्षय झाला की तो लपवला जातो. मुलीचे लग्न जमायचे आहे, सोयरिकीत बोभाटा होईल, म्हणून औषध दूरच्या गावाहून आणतात, गोळ्या लपूनछपून घेतात, आणि पाहुणे आले की त्या दिवशीची गोळी चुकते. सुनेला रोग झाला तर तिचे ताट-वाटी वेगळी करून तिला मनाने आधीच मारून टाकतात. वास्तविक ताटावाटीने हा रोग पसरत नाही, आणि योग्य औषध सुरू झाल्यावर रोग्यापासूनचा धोका झपाट्याने कमी होतो. लाज हीच येथे सर्वांत मोठी अपथ्याची गोष्ट आहे. जो रोग उघड बोलला जातो तो वेळेवर तपासला जातो.

म्हणून वाचकांना आमची विनंती एवढीच. घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर काढे आणि भगत यांत दिवस न दवडता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी; तपासणी व औषध दोन्ही विनामूल्य आहेत. रोग्याच्या पोषणासाठी केंद्र सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ पासून आहे आणि नोव्हेंबर २०२४ पासून तिची रक्कम दरमहा एक हजार रुपये झाली आहे. ती हक्काने मागून घ्यावी आणि डाळ, अंडी, दूध यांवरच खर्च करावी. गोळ्यांची वेळ घरातील एका माणसाने आपल्याकडे घ्यावी. औषध वैद्याकडून येईल, ते सरकार देईल. पथ्य मात्र घरातच पिकवावे लागते, आणि ते एकट्या रोग्याने पाळायचे नसते, साऱ्या घराने त्याच्याबरोबर पाळायचे असते.